शामराव परुळेकर

शामराव विष्णू परुळेकर (मृत्यू : ३ ऑगस्ट १९६५) हे महाराष्ट्रातील शेतकरी चळवळीचे नेते, मुंबई प्रांतिक विधानसभेचे सदस्य आणि दुसऱ्या लोकसभेतील ठाण्याचे खासदार होते. पूर्वीच्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागात, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यात, वारली आदिवासींनी वेठबिगारीविरुद्ध केलेल्या लढ्याचे नेतृत्व त्यांनी व त्यांच्या पत्नी गोदावरी परुळेकर यांनी केले. कायद्याच्या अभ्यासकांना त्यांचे नाव वेगळ्या कारणाने परिचित आहे. स्थानबद्धतेच्या हुकमांविरुद्ध त्यांनी सर्वोच्च न्यायालयात केलेल्या अर्जांवर १९५२ व १९५६ मध्ये निकाल दिले गेले. दोन्ही निकाल त्यांच्या विरुद्ध गेले.

सार्वजनिक जीवनाचा आरंभ

परुळेकर आरंभी भारत सेवक समाजाचे सदस्य होते. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते रत्नागिरी जिल्ह्यातून निवडून आले. खोती पद्धती रद्द व्हावी म्हणून १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या विधिमंडळावर गेला, त्यात आंबेडकरांसमवेत तेही होते. १९३९ मध्ये त्यांचा विवाह गोदावरी गोखले यांच्याशी झाला. गोदावरीबाई महाराष्ट्रातील पहिल्या महिला कायदा पदवीधरांपैकी होत. त्याच सुमारास दोघांनी कम्युनिस्ट पक्षात प्रवेश केला.

वारल्यांचा लढा

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे किसान सभेची प्रांतिक परिषद भरली. उंबरगाव तालुक्यातील काही वारली तिला आले होते. त्यांनी सांगितलेल्या हकिकतींवरून परुळेकर दांपत्य त्या भागात गेले. जमीनदाराच्या शेतावर आदिवासीला विनामोबदला राबावे लागे. लग्नासाठी सावकाराकडून थोडी रक्कम उचलणारा वारली लग्नगडी होई व पत्नीसह आयुष्यभर त्या घरी बांधला जाई. या प्रकाराला कोणत्याही कायद्याचा आधार नव्हता. न्यायालये होती, मात्र वारल्याला तेथवर जाण्याची वाट नव्हती, हे या प्रकरणात विशेष लक्षात घेण्याजोगे आहे.

२३ मे १९४५ रोजी झरी येथे सुमारे पाच हजार आदिवासी जमले आणि वेठ न करण्याचा निर्णय झाला. झरी आज तलासरी तालुक्यात आहे. पुढे गवतकापणीच्या मजुरीचा प्रश्न उभा राहिला. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये ही मागणी होती. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले. पुढील वर्षी जंगलातील मजुरीसाठी संप झाला. ७ जानेवारी १९४७ रोजी पालघर तालुक्यातील नानिवली येथे पुन्हा गोळीबार होऊन पाच आदिवासी ठार झाले. आज औद्योगिक वसाहत व अणुवीज केंद्र यांमुळे ओळखला जाणारा बोईसर-तारापूर पट्टा याच तालुक्यात येतो.

या लढ्याच्या काळात मुंबई सरकारने परुळेकर दांपत्यास ठाणे जिल्ह्यातून हद्दपार केले. खटला नाही, साक्षीपुरावा नाही, प्रशासनाचा एक हुकूम पुरेसा ठरला. स्वातंत्र्यानंतरही हीच रीत त्यांच्या वाट्याला आली, फक्त तिला आता संविधानाची चौकट होती.

१९५२ चा निकाल

संविधानाच्या अनुच्छेद २२ नुसार अटक झालेल्या व्यक्तीस चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करावे लागते व तिला वकील देण्याचा अधिकार असतो. मात्र प्रतिबंधक स्थानबद्धता यातून वगळलेली आहे. तिच्याबाबत इतकेच बंधन आहे की, स्थानबद्धतेची कारणे कळवावीत, निवेदन करण्याची संधी द्यावी आणि तीन महिन्यांहून अधिक काळ ठेवायचे असल्यास सल्लागार मंडळाचे मत घ्यावे. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदाची पात्रता असलेल्या व्यक्ती या मंडळावर असल्या तरी ते न्यायालय नव्हे. हुकूम काढणारा जिल्हा दंडाधिकारीही नावावरून न्यायाधीश वाटतो, परंतु हे पद जिल्हाधिकाऱ्याकडेच असते आणि असा हुकूम काढताना तो कोणताही खटला चालवत नाही. ही तीन पदे व संस्था एकमेकींत मिसळू दिल्या, तर परुळेकरांच्या प्रकरणाचा अर्थच लागत नाही.

नोव्हेंबर १९५१ मध्ये ठाण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या हुकमाने परुळेकरांना १९५० च्या प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याखाली अटक झाली. हा कायदा मुळात एका वर्षापुरता होता. पहिल्या दुरुस्तीने त्याची मुदत १ एप्रिल १९५२ पर्यंत व दुसरीने १ ऑक्टोबर १९५२ पर्यंत वाढली. मुदत वाढली तशी आधीच बंदिवासात असलेल्यांची स्थानबद्धताही वाढली.

परुळेकरांनी अनुच्छेद ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयाकडे धाव घेतली. मूलभूत हक्काचा भंग झाल्यास खालच्या पायऱ्या न चढता त्या न्यायालयाकडे जाता येते आणि हा मार्ग हाही एक मूलभूत हक्कच आहे. न्यायालय त्या वेळी संसद भवनाच्या इमारतीतच बसत असे. मूळ कायद्याची मुदत संपताच आपली स्थानबद्धताही संपली, दुरुस्तीने तिला जीवदान मिळू शकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मे १९५२ मध्ये अर्ज फेटाळला गेला. न्यायमूर्ती विवियन बोस यांनी लिहिलेल्या निकालात असे तत्त्व मांडले गेले की, दुरुस्ती कायदा मूळ कायद्यात मिसळत असेल, तर जुने शब्द लेखणीने खोडून त्या जागी नवे शब्द लिहिले आहेत असे समजून मूळ कायदा वाचावा. म्हणजे मूळ कायदा असा उल्लेख आला, तरी तो दुरुस्तीनंतरचा कायदा होय.

निकाल तर्कशुद्ध आहे. तरीही एका व्याकरणाच्या प्रश्नावर माणसाचे सहा महिने अवलंबून होते, हेही खरे. ठाणे जिल्ह्यात परुळेकरांनी काय केले व ते किती धोकादायक होते, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच. १९५० च्या गोपालन प्रकरणापासून ही सीमा आखली गेली होती. स्थानबद्धतेची कारणे न्यायालयालाही सांगण्यास मनाई करणारे कलम त्या निकालाने रद्द ठरवले, पण बाकीचा कायदा टिकला. स्थानबद्धतेची गरज प्रशासनाने ठरवायची आणि पद्धत पाळली की नाही एवढे न्यायालयाने तपासायचे, अशी ही वाटणी होती.

१९५६ चा निकाल आणि लोकसभा

जानेवारी १९५६ मध्ये राज्य पुनर्रचनेवरून मुंबईत उसळलेल्या आंदोलनाच्या वेळी परुळेकरांना पुन्हा स्थानबद्ध करण्यात आले. आता कायद्यात आणखी एक अट होती : दंडाधिकाऱ्याने हुकूम व त्याची कारणे राज्य सरकारला कळवावीत आणि बारा दिवसांत सरकारची मंजुरी मिळावी. बंद्याला नंतर दिलेली कारणे आणि सरकारला कळवलेली कारणे एकच असली पाहिजेत का, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायमूर्ती वेंकटराम अय्यर यांच्या निकालाने तो अर्जही फेटाळला.

पुढच्याच वर्षी ठाणे या दोन सदस्यांच्या मतदारसंघातून परुळेकर लोकसभेवर निवडून आले. राखीव जागाही त्यांच्याच पक्षाच्या आदिवासी उमेदवाराने जिंकली. सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका म्हणून ज्या जिल्ह्याने त्यांना दोनदा बंदिवासात पाठवले, त्याच जिल्ह्याने त्यांना संसदेत पाठवले.

अखेरची स्थानबद्धता

२६ ऑक्टोबर १९६२ रोजी आणीबाणी जाहीर झाली आणि ३ नोव्हेंबरच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने, भारत संरक्षण नियमांखाली बंदिवासात असलेल्यांचा अनुच्छेद २१ व २२ साठी न्यायालयात जाण्याचा हक्क स्थगित झाला. सप्टेंबर १९६३ मधील माखन सिंग प्रकरणात न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी बहुमताचा निकाल लिहिला. हुकूम दुष्ट हेतूने काढला आहे किंवा ज्या नियमाखाली काढला त्याच्याच अटी मोडल्या आहेत, असे म्हणणे मांडता येईल, मात्र मूलभूत हक्कांच्या आधारे दाद मागता येणार नाही, असे त्यात ठरले. १९५२ मध्ये परुळेकर ज्या दाराने गेले होते, ते आता जवळपास मिटले होते.

पक्षाच्या फुटीनंतर ते मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षात राहिले आणि त्या पक्षाच्या नेत्यांच्या धरपकडीत भारत संरक्षण नियमांखाली पुन्हा स्थानबद्ध झाले. त्याच स्थितीत ३ ऑगस्ट १९६५ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर महिनाभरातच, सप्टेंबर १९६५ मध्ये, त्याच नियमांखाली मुंबईत स्थानबद्ध असलेले प्रभाकर संझगिरी यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. त्यांनी तुरुंगात लिहिलेले अणुविषयक मराठी पुस्तक प्रसिद्धीसाठी बाहेर पाठवू द्यावे, हा मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश कायम राहिला. नियमांत नसलेले बंधन सरकारला स्थानबद्धावर लादता येत नाही, हा त्याचा आधार.

नंतरचा काळ

गोदावरी परुळेकर यांनी वारल्यांच्या लढ्याची हकिकत जेव्हा माणूस जागा होतो या पुस्तकात लिहिली. त्यास १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९५० चा प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा १९६९ अखेर संपला. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही अनुच्छेद २१ स्थगित करता येणार नाही असे ठरवले. सल्लागार मंडळाच्या मताशिवायची मुदत तीन महिन्यांवरून दोनवर आणणारे तिच्यातील कलम मात्र अमलात आणले गेले नाही. परुळेकर विरुद्ध जिल्हा दंडाधिकारी, ठाणे या १९५२ च्या निकालाचा आधार दुरुस्ती कायद्यांचा अर्थ लावताना न्यायालये पुढेही घेत राहिली. त्यांतील बहुतेक खटल्यांचा शेतकऱ्यांशी वा स्थानबद्धतेशी काही संबंध नसतो.