डोंगरामागची लाट : वोल्फ हिर्ट

पावसाळ्यात उल्हास नदी बुडालेल्या खडकावरून वाहते, तेव्हा खडकाच्या पुढेही काही अंतर पाण्यात लाटा दिसतात. पाणी पुढे जाते, लाट जागेवरच राहते. डोंगर ओलांडणारा वाराही असाच वागतो. या लाटेवर इंजिनाशिवाय उंच जाता येते, हे दाखवून देणाऱ्यांत जर्मन वैमानिक वोल्फ हिर्ट अग्रणी होते.

हिर्ट यांचा जन्म १९०० मध्ये श्टुटगार्ट येथे झाला. थोरले बंधू हेल्मुट यांनी पुढे विमानाची इंजिने बनवणारी कंपनी काढली. वोल्फ मात्र ग्लायडरकडे वळले. १९२४ मध्ये मोटरसायकलच्या अपघातात त्यांचा एक पाय गेला. कृत्रिम पाय लावून त्यांनी उड्डाण सुरूच ठेवले. इंजिनाचे त्यांना वावडे नव्हते. १९३० मध्ये ऑस्कर वेलर यांच्यासह क्लेम या हलक्या विमानातून ते जर्मनीहून आइसलँडपर्यंत गेले होते.

मार्च १९३३ मध्ये, आज पोलंडमध्ये असलेल्या हिर्शबर्ग परिसरात, हिर्ट आणि हान्स डॉइचमान यांना नवा अनुभव आला. तोवर ग्लायडर वाऱ्याच्या बाजूच्या उतारावर किंवा तापलेल्या हवेच्या झोतात चढत. येथे डोंगराच्या आडोशाला, जिथे हवा खाली दाबेल असे वाटायचे, तिथेच ती वर उचलू लागली. वर एक लांबट ढग वाऱ्यातही जागचा हलत नव्हता. स्थानिक बोलीत एका शेतकऱ्याच्या नावावरून त्याला ‘मोआत्सागोटल’ म्हणत. हिर्ट यांनी आपल्या नव्या ग्लायडरला तेच नाव दिले.

हलक्या विमानासाठी हीच लाट धोक्याची ठरते. लाटेच्या उतरत्या भागात हवा इतक्या वेगाने खाली येऊ शकते की छोटे इंजिन पूर्ण ताकद लावूनही विमान चढत नाही. लाटेखाली गरगरणारी हवा तर विमानाला गदागदा हलवते. म्हणून असे वैमानिक भरपूर उंची राखून, परत वळता येईल अशा तिरक्या दिशेने डोंगर ओलांडतात. ग्लायडरचालक मात्र चढता भाग शोधतो, वाऱ्याकडे तोंड करतो आणि जमिनीच्या हिशेबाने जवळपास एकाच जागी राहून वर जातो. तिथली हवा शांत असते. धोका विरळ प्राणवायूचा. मेंदूला तो कमी पडू लागला तरी माणसाला कळतही नाही. त्यामुळे ऑक्सिजन मास्क आवश्यक ठरतो.

कल्याण-डोंबिवलीवरून जाणारा मोसमी वाराही पुढे सह्याद्री चढतो. घाटमाथ्यावरच्या अशा लाटांचा आणि पावसाचा अभ्यास भारतीय हवामान खात्यातील शास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात केला.

२५ जुलै १९५९ रोजी ग्लायडर चालवत असतानाच हिर्ट यांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्यात त्यांचा अंत झाला. २०१८ मध्ये अर्जेंटिनात ‘पर्लन २’ हे ग्लायडर डोंगरलाटेवरून सुमारे २३ किलोमीटर उंचीवर पोहोचले. प्रवासी विमाने साधारण याच्या निम्म्या उंचीवरून उडतात.