फ्लॉरेन्स नाइटिंगेल

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात एका श्रीमंत इंग्रज कुटुंबात झाला. घरच्यांचा विरोध असूनही त्यांनी रुग्णसेवेचे व्रत घेतले.

१८५४ साली क्रिमियाचे युद्ध चालू होते. फ्लॉरेन्स ३८ परिचारिकांना घेऊन इस्तंबूलजवळील स्कुतारीच्या लष्करी रुग्णालयात गेल्या. रात्री हातात दिवा घेऊन त्या सैनिकांची विचारपूस करत. तरीही त्या हिवाळ्यात हजारो सैनिक दगावले. मार्च १८५५ मध्ये सरकारी पथक आले. त्याने तुंबलेली गटारे साफ केली. मग मृत्यू कमी होऊ लागले.

मायदेशी परतल्यावर फ्लॉरेन्स यांनी मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. जखमांपेक्षा रोगांनीच अधिक सैनिक मेले होते. आपल्याच रुग्णालयातील अस्वच्छतेने अनेकांचे प्राण गेले, हे कळून त्यांना फार दुःख झाले. पण त्यांनी ते लपवले नाही. १८५८ साली त्यांनी हे आकडे रंगीत आकृतीत मांडून सरकारला दाखवले. सर्व रुग्णालयांनी एकसारख्या नोंदी ठेवाव्यात, असा आग्रह धरला. १८६० साली लंडनमध्ये त्यांच्या नावाने परिचारिकांची शाळा सुरू झाली.

१९१० साली त्यांचे निधन झाले. चूक लपवली तर ती पुन्हा घडते. मान्य केली तर सुधारता येते, हे त्यांनी जगाला दाखवून दिले.