गुळाला पेठ, उपाशी माणसाला धान्य : शाहू महाराजांनी शेतकऱ्यांसाठी काय केलं?

वसमत : हळद शिजवली, वाळवली, पॉलिश केली, पोती शिवली. आता माल न्यायचा कुठं? वसमत तालुक्यातल्या हळद उत्पादकांना हा प्रश्न नवा नाही. कित्येक वर्षं इथली हळद चारशे किलोमीटरहून लांब सांगलीला जायची. गाडीभाडं, हमाली, अडत वजा होऊन पट्टी हातात पडायची. आज वसमत आणि हिंगोलीच्या बाजारातच हळदीची मोठी उलाढाल होते. 2024 साली 'वसमत हळद' या नावाला भौगोलिक मानांकनही मिळालं.

माल पिकवणाऱ्याला बाजार जवळ पाहिजे ही गोष्ट सव्वाशे वर्षांपूर्वी एका राजानं ओळखली होती. ते म्हणजे कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज. वसतिगृहं, आरक्षण, अस्पृश्यता निवारण यासाठी त्यांचं नाव सगळीकडे घेतलं जातं. 26 जून हा त्यांचा जन्मदिवस राज्यात सामाजिक न्याय दिन म्हणून पाळला जातो. पण शेतकऱ्याचा माल आणि गरिबाची भाकरी यासाठी त्यांनी केलेलं कामही तेवढंच मोठं आहे.

कागलचा यशवंत

शाहू महाराजांचा जन्म 1874 चा, कागलच्या घाटगे घराण्यातला. मूळ नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी यांच्या निधनानंतर राणी आनंदीबाईसाहेबांनी 17 मार्च 1884 रोजी त्यांना दत्तक घेतलं. तेव्हा त्यांना दहा वर्षंही पूर्ण झाली नव्हती. पुढं राजकोट आणि धारवाडला शिक्षण झालं. 2 एप्रिल 1894 रोजी कारभार हाती आला तेव्हा वय होतं एकोणीस.

संस्थान तसं सुपीक. पंचगंगेच्या काठानं ऊस आणि गावोगावी गुऱ्हाळं. पण पावसानं दगा दिला की कोरडवाहू शेतकऱ्याचे हाल इथंही तेच, जे मराठवाड्यात.

आधी पेठ वसवली

गादीवर आल्यावर वर्षभरातच, 1895 साली, महाराजांनी कोल्हापुरात शाहूपुरी ही नवी पेठ वसवली. ती गुळाच्या व्यापारासाठी. मिरज ते कोल्हापूर रेल्वे 1891 मध्ये सुरू झाली होती आणि ही पेठ स्टेशनाला लागून होती. बैलगाडीतून आलेली ढेप इथं विकायची आणि इथूनच रेल्वेनं बाहेर धाडायची, अशी सोय झाली.

बाहेरचे व्यापारी इथं येऊन बसावेत म्हणून दरबारानं त्यांना सवलती दिल्या. यामागचा हिशेब साधा होता. घेणारा एकच असला तर तो म्हणेल तोच भाव. एका जागी दहा जण घेणारे असले तर बोली लागते आणि चार पैसे शेतकऱ्याच्या पदरात पडतात. पुढं 1917 साली वडिलांच्या नावानं जयसिंगपूर हे गाव रेल्वेमार्गावर वसवलं, तेही व्यापारपेठ म्हणूनच. कोल्हापुरी गुळाचं नाव देशभर झालं त्यात शाहूपुरीचा वाटा मोठा आहे. 2014 साली त्या गुळालाही भौगोलिक मानांकन मिळालं.

दुष्काळ आला

पेठ उभी राहतेय तोच 1896-97 चा दुष्काळ आला. पाऊस गेला, विहिरी आटल्या, धान्य महाग झालं. दुष्काळात माणसं उपाशी मरतात तेव्हाही बऱ्याचदा बाजारात दाणा असतो. तो घ्यायला गरिबाच्या हातात पैसा नसतो आणि साठा करणारे भाव आणखी चढवतात. महाराजांनी दोन्ही बाजूंनी उपाय केला.

बाहेरून धान्य आणवलं आणि स्वस्त धान्याची दुकानं उघडली. सरकारी दुकानात दाणा कमी भावानं मिळतोय म्हटल्यावर मनमानी भावाला लगाम बसतो. लोकांच्या हातात पैसा यावा म्हणून रस्ते, तलाव, विहिरींची कामं काढली. शेतकऱ्यांना तगाई दिली. जनावरं जगावीत म्हणून जंगलं चराईला मोकळी केली, कारण बैल गेला तर पुढच्या पेरणीला शेतकरी उभा राहत नाही. ज्यांना काम होत नव्हतं अशा म्हाताऱ्या, आजारी, निराधार लोकांसाठी आश्रम उघडले. कामावर येणाऱ्या बायांच्या लहान लेकरांना सांभाळायचीही सोय केली.

हे सगळं कागदावर राहू नये म्हणून महाराज स्वतः दुष्काळी भागात हिंडले. पंचवीशीही न गाठलेल्या या राजाला गावातली उपासमार डोळ्यांनी पाहायला मिळाली. पाण्याचं काम त्यांनी पुढं जन्मभर धरून ठेवलं त्याचं मूळ इथं आहे.

पाणी, नांगर आणि सहकार

1902 साली महाराज युरोपला जाऊन आले. त्याच वर्षी संस्थानात पाटबंधाऱ्याचं धोरण ठरलं, विहिरी आणि तलावांची पाहणी सुरू झाली. 1907 च्या सुमारास भोगावती नदीवर धरणाचं काम हाती घेतलं. तिथं वसवलेल्या गावाला लेकीच्या नावावरून राधानगरी नाव दिलं. एका संस्थानाच्या तिजोरीला हे काम झेपणारं नव्हतं. 1918 पर्यंत भिंत चाळीस फुटांच्या आसपास आली आणि पैशाअभावी काम थांबलं. धरण पूर्ण झालेलं महाराजांना पाहायला मिळालं नाही. ते पुरं झालं स्वातंत्र्यानंतर. आज कोल्हापूर जिल्ह्यातला मोठा पट्टा त्याच पाण्यावर भिजतो.

शेतीचं नवं ज्ञान शेतकऱ्याला बघायला मिळावं म्हणून 1912 मध्ये किंग एडवर्ड अ‍ॅग्रिकल्चरल इन्स्टिट्यूट काढली. तिथं सुधारित अवजारं मांडली जायची. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना आणि किर्लोस्करांचा नांगराचा कारखाना अडचणीत आला, तेव्हा संस्थानातल्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या. तोफांचे नांगर झाले.

सावकाराच्या पाशातून शेतकरी सुटावा म्हणून 1912-13 मध्ये सहकारी संस्थांचा कायदा संस्थानात लागू केला. कोल्हापूर भागात पुढं पतसंस्था, दूध संघ, साखर कारखाने यांचं जाळं उभं राहिलं, त्याची पायाभरणी त्या काळातली.

चहाच्या कपाची गोष्ट

अन्नाचा प्रश्न भावावर आणि पाण्यावर संपत नाही, कुणाच्या हातचं कोण खातं यावरही तो अडतो. महाराजांच्या पदरी गंगाराम कांबळे नावाचे अस्पृश्य समाजातले सेवक होते. पाण्याच्या हौदाला शिवल्यावरून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला पाठबळ दिलं. कोल्हापुरात भर रस्त्यावर 'सत्यसुधारक' हॉटेल सुरू झालं. लोक तिकडं फिरकेनात. तेव्हा महाराज गाडी थांबवून स्वतः तिथला चहा पिऊ लागले, सोबतच्या मंडळींनाही पाजू लागले. राजा पितो म्हटल्यावर इतरांना नाही म्हणायला तोंड उरलं नाही.

अठ्ठावीस वर्षांचा कारभार

6 मे 1922 रोजी मुंबईत महाराजांचं निधन झालं. वय सत्तेचाळीस. कारभार अठ्ठावीस वर्षांचा. त्या काळी वसमत निजामाच्या राज्यात होतं, त्यामुळं शाहूंचा एकही हुकूम इथल्या गावांना लागू झाला नाही. तरी त्यांचं काम इथल्या शेतकऱ्याला परकं वाटत नाही. जवळचा बाजार, चार घेणारे, वेळेवर कर्ज, शिवारात पाणी आणि अडल्या काळात गरिबाच्या घरात स्वस्त दाणा, ही पाच कामं त्यांनी एकमेकांना जोडून केली. यातलं एक जरी सुटलं तरी बाकीची चार लंगडी पडतात. मोंढ्यात पोतं उतरवणारा शेतकरी हे रोज अनुभवतो. मानांकनाची पाटी मालाला नाव मिळवून देते, पण पट्टीवरचा आकडा या पाच कामांवरच ठरतो.