बाईंना घडवणाऱ्या ताराबाई

जून जवळ आला की अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत जिकडेतिकडे कोर्सच्या जाहिराती झळकू लागतात. बालवाडी शिक्षिकेचा कोर्स त्यात हमखास असतो. मुलं जरा मार्गी लागलेली, दुपार मोकळी असलेली एखादी मैत्रीण चौकशी करून येते आणि घरात लगेच कुणीतरी नाक मुरडतं. पोरं सांभाळायला कसलं आलंय शिक्षण, असा एकूण सूर. बाईला ते उपजतच येतं म्हणे!

मैत्रिणींनो, हा सूर आजचा नाही. तो खोडून काढण्यात ताराबाई मोडकांचं अवघं आयुष्य गेलं.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईतला. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे. आई उमाबाईंशी त्यांनी केलेला विवाह हा त्या काळी खळबळ उडवणारा विधवाविवाह. अशा घरातली मुलगी शिकणार हे ओघानंच आलं. १९१४ साली ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी लग्न झालं, पण ते टिकलं नाही. १९२१ साली दोघं विभक्त झाली. पदरात लहान मुलगी. शंभर वर्षांपूर्वी नवऱ्यापासून वेगळं होऊन स्वतःच्या पायावर उभं राहणं म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको.

राजकोटला बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेज होतं, शिक्षिका तयार करणारं. त्याच्या प्राचार्या म्हणून ताराबाईंची नेमणूक झाली. या पदावर आलेल्या त्या पहिल्या भारतीय बाई. मान होता, पगार होता, एकट्या आईला हवी असते ती स्थिरता होती. आणि ही नोकरी त्यांनी सोडली! भावनगरला गिजुभाई बधेका नावाचे एक वकील वकिली बाजूला ठेवून लहान मुलांची शाळा चालवत होते. तिथे छडी नव्हती, घोकंपट्टी नव्हती. इटलीच्या मारिया माँटेसरी यांची पद्धत ते आपल्या मातीत रुजवू पाहत होते. १९२३ साली ताराबाई त्यांना जाऊन मिळाल्या. तेव्हा त्या एकतीस वर्षांच्या होत्या.

भावनगरची नऊ वर्षं म्हणजे ताराबाईंचंही शिक्षणच. दोघांनी मिळून लिहिलं, भाषांतरं केली, १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ काढला. ‘शिक्षण पत्रिका’ आधी गुजरातीत निघाली, मग ताराबाईंनी तिची मराठी आवृत्ती सुरू केली. पण एक गोष्ट दोघांना फार लवकर कळली होती. शाळा काढणं सोपं, बाई मिळणं कठीण. साधनं मागवता येतात, खोली भाड्यानं घेता येते. पण रडणाऱ्या मुलापाशी न चिडता बसणारी, त्याच्या हातून सांडलेलं पाणी त्यालाच पुसू देणारी आणि हे सगळं का करायचं हे कळणारी बाई कुठून आणायची? ती घडवावीच लागते. म्हणून भावनगरला १९२५ पासून बालशिक्षकांसाठी अध्यापन मंदिर चालू झालं होतं.

पुढे ताराबाई मुंबईत परतल्या आणि १९३६ साली दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू झालं. मराठी मुलांसाठी बालमंदिर आणि त्याच्या जोडीला शिक्षिकांचा वर्ग. नाव झालं, पालकांची रीघ लागली. दुसरं कुणी असतं तर तिथेच स्वस्थ बसलं असतं. ताराबाईंना मात्र हे सगळं फी परवडणाऱ्या घरांपुरतंच राहतंय, ही टोचणी लागून राहिली.

आता आपलं बोरिवली गोष्टीत येतं. १९४५ सालचं बोरिवली मुंबई महापालिकेच्या हद्दीतही नव्हतं. कस्तुरबांच्या स्मरणार्थ निघालेल्या ट्रस्टनं तिथे खेड्यांत काम करू इच्छिणाऱ्या बायकांसाठी शिबिर भरवलं होतं. पुण्याच्या हुजूरपागेतल्या एक शिक्षिका त्यासाठी आल्या होत्या. वय पस्तीस, लहानपणीच वैधव्य आलेलं. त्या अनुताई वाघ. इथे त्यांची आणि ताराबाईंची गाठ पडली आणि बोर्डीच्या कामासाठी ताराबाईंना आयुष्यभराची साथीदार मिळाली.

डिसेंबर १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र उघडलं. बोर्डी म्हणजे घोलवड स्टेशनला उतरून जायचं समुद्रकाठचं गाव, आजूबाजूला वारली पाडे. ताराबाई त्रेपन्न वर्षांच्या होत्या. या वयात आपल्याकडे लोक निवृत्तीचे दिवस मोजू लागतात.

बोर्डीत दादरचं काहीच चालेना. माँटेसरींची सुबक लाकडी साधनं परवडणारी नव्हती. मग शिंपले, खडे, बिया, पानं, काड्या गोळा झाल्या. मोजायला, लावायला, लहान-मोठं ओळखायला यांनी काय बिघडतं? पण खरी अडचण वेगळीच होती. मुलं येईचनात. म्हणून मग बाईच निघाल्या. पाड्यावर जायचं, एखाद्या झोपडीसमोरचं अंगण झाडून घ्यायचं, पोरांना तिथेच गोळा करायचं, हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, गाणी म्हणायची. अंगणात भरणारी म्हणून ती अंगणवाडी. आज देशभर सरकारी कागदांवर मिरवणाऱ्या या शब्दाचा उगम असा झाडलेल्या अंगणात आहे.

१९५६-५७ च्या सुमारास काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथेही तीच पद्धत, आधी अडचण नीट बघायची. मुलगी शाळेत का येत नाही? कडेवर धाकटं भावंडं असतं म्हणून. तर भावंडालाही घेऊन ये! असं करत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आली, तिला नाव मिळालं विकासवाडी. मुलगा का येत नाही? गुरं राखतो म्हणून. तर शाळाच कुरणात न्यायची. या झाल्या कुरणशाळा. मला स्वतःला ताराबाईंची ही नजर त्यांच्या सगळ्या पुस्तकांपेक्षा मोठी वाटते. मूल शाळेत येत नाही, तर दोष मुलाचा की शाळेचा, हा प्रश्न त्यांनी कायम शाळेलाच विचारला.

आणि हे करायचं कुणी? गावातल्या, पाड्यावरच्या, चार बुकं शिकलेल्या बायकांनी. त्यांना प्रशिक्षण देणं हे कोसबाडचं तितकंच महत्त्वाचं काम होतं. शहरातल्या पदवीधर बाईंची वाट बघत बसलो तर पाड्यावरची पिढी म्हातारी होईल, हा त्यामागचा साधा हिशेब. पण शिक्षण कमी म्हणून प्रशिक्षणही कमी चालेल, असं मात्र नव्हे. मुलाला काय कळतं, कधी कळतं, ते का रागावतं, काय खातं, हे सगळं बाईला शिकायला लागे.

१९४६ ते १९५१ ताराबाई मुंबई विधानसभेत होत्या. १९६२ साली पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना देशात ३३ ठिकाणी सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव पोचली. कोसबाडचं काम अनुताईंनी १९९२ साली जाईपर्यंत नेटानं चालवलं.

योजनेनं शब्द उचलला, पण त्यामागचा मान मागेच राहिला, असं मला तरी वाटतं. अंगणवाडी सेविकेला आजही पगार मिळत नाही, मिळतं ते मानधन. आणि शहरात? तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन पानं भरून घेणारे वर्ग गल्लोगल्ली आहेत. मूल बोटांनी माती, पाणी, बिया हाताळत शिकतं हे ताराबाईंनी पाड्यावर दाखवून दिलं होतं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं तीन ते आठ वर्षं हा शिक्षणाचा पाया मानला, खेळातून शिकण्यावर भर दिला, त्यासाठी शिक्षिकांचं प्रशिक्षण हवं असंही म्हटलं. त्याला बोर्डीनंतर पंचाहत्तर वर्षं लागली.

चौकशी करून आलेल्या त्या मैत्रिणीनं फॉर्म भरण्याआधी एक करावं. त्या कोर्समध्ये प्रत्यक्ष मुलांबरोबर किती तास बसायला मिळणार, ते विचारावं. फी किती, हे नंतर.