बंधु योर्दान आणि सोपाऱ्याचे ख्रिस्तमंदिर

भिवंडीहून खाडीपार गेले म्हणजे ठाणे लागते, आणि वायव्येस सोपारे. आपल्या प्रांती सुवार्ता इंग्रजी अमदानीत प्रथम आली असे पुष्कळांस वाटते. परंतु चौदाव्या शतकात सोपाऱ्यास प्रेषित थोमाच्या नावाचे ख्रिस्तमंदिर होते. बंधु योर्दान याच्या चरित्रात त्याचा उल्लेख येतो.

योर्दान हा डोमिनिकन पंथाचा साधू. इराणातून निघून तो चार फ्रान्सिस्कन बंधूंसह ठाण्यास उतरला. तेथे नेस्तोरियन ख्रिस्ती लोकांची थोडी घरे होती. त्यांनी या पाहुण्यांस आसरा दिला. पुढे योर्दान एकटा भडोचच्या वाटेने सेवेस गेला असता, इ. स. १३२१ च्या एप्रिलात ठाण्याच्या अधिकाऱ्याच्या हुकुमाने त्या चौघांचा वध झाला.

हे वर्तमान कळताच योर्दान परत आला. जिनोवा शहरच्या एका तरुणाच्या साहाय्याने त्याने ती शरीरे सोपाऱ्यास नेऊन मंदिरात पुरली. नंतर आजार व छळ सोशीत तो दोन वर्षांहून अधिक काळ या मुलखात एकटाच राहिला. ठाणे व सोपारे यांच्या दरम्यान ३५ जणांचा बाप्तिस्मा झाल्याचे त्याने पत्राने कळविले, आणि आणखी सेवक मागितले. १३२९ साली पोपने त्यास कोल्लमचा बिशप नेमले.

हुतात्म्यांच्या अस्थी ओडोरिक नावाच्या साधूने पुढे चीन देशी नेल्या.

प्रिय वाचकहो, योर्दानाचा पंथ आपल्याहून निराळा. तरी ज्या गावी मंडळी लहान आणि सेवक एकटा, तेथे त्याचे स्मरण व्हावे. सोबत्यांस मूठमाती देऊन तो माघारी फिरला नाही, कामास लागला.