तारीख नेमकी कुठे बदलते? भास्कराचार्यांचा हिशेब

संध्याकाळी सात वाजता इस्लामपुरात बसून फोनचा टाइमझोन ऑकलंडचा करून बघा. तारीख उद्याची दिसेल. मग नवा दिवस आधी लागतो कुठे? यावर भास्कराचार्यांनी दिलेला हिशेब मला फार आवडतो.

जन्म शके 1036, म्हणजे 1114 सालचा. गाव सह्याद्रीच्या कुशीतलं विज्जडविड. ते आजचं कुठलं, यावर अभ्यासकांचे वाद आहेत. वडील महेश्वर हेच गुरू. 36 व्या वर्षी त्यांनी सिद्धान्तशिरोमणी लिहिला.

अडचण अशी, की पृथ्वी गोल आणि सूर्योदय गावोगावी वेगळा. प्रत्येकानं आपल्या सूर्योदयाला वार बदलला, तर पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेल्याचा एक दिवस चुकणार. सोमवारचा उपवास भलत्याच वारी! मॅगेलनच्या मोहिमेतल्या खलाशांचं 1522 मध्ये तेच झालं. त्यांच्या हिशेबानं बुधवार होता, बंदरावर मात्र गुरुवार.

भास्कराचार्यांच्या गणितात लंकेत सूर्य उगवला की वार बदलतो, सगळीकडे एकाच क्षणी. ही लंका म्हणजे श्रीलंका नव्हे, तर विषुववृत्तावर मानलेली जागा. तिथून उज्जैन, कुरुक्षेत्र अशी मध्यरेषा जाते. तिच्या पूर्वेच्या गावी वार सूर्योदयानंतर लागतो, पश्चिमेच्या गावी आधी. इस्लामपूर उज्जैनच्या साधारण दीड अंश पश्चिमेला आहे. अंशाला 4 मिनिटं, म्हणजे आपल्याकडे वार 6 मिनिटं आधी लागणार. जुन्या मापात 15 पळं. ऋतूप्रमाणे सूर्योदय मागेपुढे होतो, त्याची दुरुस्ती ते वेगळी सांगतात.

या पद्धतीत तारीखरेषा लागतच नाही. तुमचा फोनही आत असंच करतो. 1 जानेवारी 1970 पासूनचे सेकंद मोजतो आणि तो आकडा जगभर एकच असतो. टाइमझोन लागतो तो स्क्रीनवर तारीख दाखवताना. ठरलेल्या दिवसापासून दिवस मोजायचे, याला भास्कराचार्य अहर्गण म्हणत. 69 व्या वर्षी लिहिलेल्या करणकुतूहलात त्यांनी ही मोजणी 1183 सालापासून धरली.

आज प्रत्येक देशाला तारीख आपल्या मध्यरात्री बदलायची असते, म्हणून 180 अंशांजवळ रेषा आली. तीही सरळ नाही, कारण आपली वेळ देश स्वतःच ठरवतात. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी व्यापार सोपा व्हावा म्हणून सामोआनं 2011 मध्ये 30 डिसेंबर गाळला आणि रेषेची बाजूच बदलली.

भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला नातू चांगदेवानं मठ काढला. त्याचा 1207 चा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे.