नानांचा वाडा व आमच्या शाळा

मुंबईच्या जुन्या वस्त्यांतील शाळांच्या भिंती तरुण मंडळी सुट्टीच्या दिवशी रंगवितात, व्यापारी बाके देतात, हे पाहून आम्हांस संतोष होतो. तथापि रंग वाळला की ही मंडळी पुन्हा त्या शाळेकडे फिरकतात काय, असा प्रश्न मनात उभा राहतो. अशा वेळी जगन्नाथ शंकरशेट यांचे चरित्र आठवणे उचित होय.

नानांचा जन्म १८०३ सालचा. ऐन तारुण्यात पितृछत्र हरपून मोठ्या पेढीचा भार त्यांच्या शिरी आला. धन होतेच; परंतु ते लोकशिक्षणाकडे वळविण्याची बुद्धी त्यांची स्वतःची. १८४० साली ते सरकारी शिक्षण मंडळाचे सभासद झाले. तेथे सर अर्स्किन पेरी इंग्रजीचा कैवार घेत असता, सामान्य रयतेस विद्या तिच्याच भाषेतून मिळावी, हा पक्ष नानांनी निर्भयपणे लढविला.

१८४८ साली एल्फिन्स्टन संस्थेतील विद्वान तरुणांनी ज्ञानप्रसारक सभा स्थापिली व पुढील वर्षी मुलींच्या शाळा काढल्या. दादाभाई नवरोजींसारखे तरुण आपले नित्याचे काम सुरू होण्यापूर्वी, सकाळच्या वेळी, विनावेतन शिकवीत. शिक्षक मिळाले, जागा कोठून आणावी? पारशी मुलींच्या शाळांस कामा घराण्याने हात दिला. हिंदू मुलींसाठी नानांनी गिरगावातील आपल्या वाड्यातच शाळा भरविली. मुलींस शिकविणे हा अधर्म मानणाऱ्या स्वजनांचा रोष पत्करून त्यांनी हे केले. पैसा देणारे पुष्कळ असतात. निंदा आपल्या दारात घेणारा विरळा!

१८५२ साली बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली, १८५३ साली आगगाडी धावली. दोन्ही कार्यांत नाना होते. परंतु शिक्षणाची कास त्यांनी १८६५ साली देह ठेवीपर्यंत सोडली नाही.

आज मुंबईत मराठी शाळा एकामागून एक बंद पडत आहेत. ज्या शाळेत मुलेच उरली नाहीत तिच्या भिंती रंगवून काय उपयोग? सरकार व महानगरपालिका यांनी आपले कर्तव्य करावे, हे आम्ही सांगतच राहू. परंतु नागरिकांनीही एका दिवसाच्या सेवेवर थांबू नये. प्रत्येक पेठेने व आळीने आपली एक शाळा पत्करावी, तिचे छप्पर, ग्रंथ व पटावरील मुले यांची वर्षानुवर्षे विचारपूस करावी आणि शक्य तर आपलीही मुले तेथेच घालावी. नानांचे खरे स्मारक हेच होय.